गळ्याची पाळी

सहावीच्या वर्गात कुणी बाहेरचं माणूस डोकावलं की त्याला वाटायचं, इथे सगळ्या पोरांच्या घशात एकदम काहीतरी अडकलंय. चाळीस पोरं आणि प्रत्येकाचा एक हात आपापल्या गळ्यावर. बाई फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहायच्या, वर्ग तो मोठ्याने म्हणायचा, मग क्षणभर शांतता. मग एका कोपऱ्यातून कुणी म्हणायचं "मुकी", दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी म्हणायचं "गुणगुणी", आणि दोन्ही कोपऱ्यांची जुंपायची.

भांडण शेपटीवरून असायचं. एखादं काम कालच उरकलं असं इंग्रजीत सांगायचं तर बऱ्याच शब्दांच्या मागे ई आणि डी ही दोन अक्षरं लागतात, एवढं त्यांच्या पुस्तकात होतं. पुस्तकात नव्हतं ते हे, की ही शेपटी तीन आवाजांत बोलते. 'वॉक्ट' म्हणताना शेवटी गळा गप्प होतो, ती मुकी. 'प्लेड' म्हणताना अगदी शेवटपर्यंत हाताला गुणगुण लागते, ती गुणगुणी. 'पेंटिड' म्हणताना शेपटी स्वतःचा वेगळा ठेका धरते आणि एक टाळी जास्त वाजते, ती टाळीची. आवाज तीन, पण लिहायचं तिन्हीकडे तेच ई-डी. बाईंचे यजमान शिंपी होते. त्यांना हे सगळं सांगितल्यावर ते तोंडातल्या टाचण्यांमधूनच म्हणाले होते, "म्हणजे तिघा भावांना एकाच ताग्यातले सदरे शिवलेत, एवढंच ना?" बाईंनी दुसऱ्या दिवशी ते वर्गात जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून कुणी 'वॉक'च्या मागे नुसता टी लिहिला की बाई लाल फुली मारत नसत. खाली लिहीत, "ऐकलंस बरोबर. आता सदरा चढव."

पंचवीस वर्षं शिकवून बाईंचं एक ठाम मत झालं होतं. पोरं पाठ करतात तेव्हा ती 'वॉकेड' आणि 'जंपेड' म्हणायला लागतात आणि जन्मभर तसंच म्हणत राहतात. अशी जन्मभर म्हणत राहिलेली मोठी माणसं त्यांनी खूप पाहिली होती. त्यातलं एक शाळेच्या ऑफिसात, मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसत असे.

त्या वर्षी वर्गात भोंगा आली.

भोंगा म्हणजे अकरा वर्षांची एक पोरगी, एका मेकॅनिकची लेक. तिला फार कमी ऐकू यायचं. कानात मशीन होतं, पण ते मनात आलं तर चालायचं, नाहीतर शिट्ट्या मारत बसायचं. स्वतःचा आवाज स्वतःलाच पोचत नसल्यामुळे ती नुसतं "पेन्सिल दे" म्हणाली तरी शेजारच्या वर्गातला पोरगा खिशात हात घालायचा. भोंगा हे नाव पोरांनी ठेवलं तेव्हा बाई भडकल्या होत्या. पण पोरगीने दुसऱ्याच दिवशी वहीच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत ते स्वतःच लिहून आणलं, मग बाई काय बोलणार?

समोरच्याचं तोंड दिसत असलं की भोंग्याला घरचं-दारचं सगळं बोलणं कळायचं. ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण इंग्रजी शब्दांच्या शेपट्या ओठांवर दिसत नाहीत आणि तिच्या कानापर्यंतही पोचत नाहीत. ती म्हणायची, 'काल मी वॉक. काल मी प्ले.' तिच्या इंग्रजीत काल नावाचा दिवसच नव्हता. बाईंनी मोठ्याने सांगून पाहिलं, सावकाश सांगून पाहिलं, ओरडून घसा बसवून घेतला. काही उपयोग झाला नाही.

मग एके दिवशी बाई तिच्या बाकापाशी वाकून 'प्लेड, प्लेड' म्हणत होत्या, आणि पोरगीने सरळ हात पुढे करून बाईंचा गळा धरला.

बाईंनी तो हात झटकला. अगदी फटकन. भोंगा आपला हात मांडीखाली घालून बसली आणि तिने तास संपेपर्यंत मान वर केली नाही. त्या झटकण्याची बाईंना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. दुपारी मेकॅनिक लेकीला न्यायला आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, तर तो ओशाळून म्हणाला, "बाई, ती माझ्याबरोबर गॅरेजमध्ये असते ना. गाडी चालू करून मी तिचा हात बॉनेटवर ठेवतो. कुठे धडधडतंय, कुठे थरथरतंय, ते ती मला बरोबर सांगते. तिला वाटलं असेल, इथेही तसंच असतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी भोंग्याला पुढे बोलावलं, खुर्चीत बसल्या, हनुवटी वर केली आणि तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "प्लेड," त्या म्हणाल्या. "वॉक्ट." पुन्हा "प्लेड." पुन्हा "वॉक्ट." सातव्या खेपेला पोरगीचे डोळे मोठे झाले. "हे बंद पडलं," ती म्हणाली, आणि ते तिन्ही मजल्यांना कळलं. "शेवटी बंद पडलं. आधीचं चालू राहिलं होतं."

गळ्यावर हात ठेवण्याची पद्धत सगळ्या वर्गात आली ती तिथून. पोरांना ती इतकी आवडली की भोंग्याच्या शेजारी बसायला भांडणं लागली. म्हणून बाईंनी तक्ता केला. दर सोमवारी पाच नवी नावं, एकेका दिवसाला एक. ज्याचं नाव त्याने त्या दिवशी भोंग्याच्या बाकावर बसायचं आणि तिला आपला गळा द्यायचा. तक्त्यावर मथळा होता, 'गळ्याची पाळी'. तीन महिन्यांत भोंग्याला काल मिळाला. ती आता शेपट्या म्हणायची, कागदावर सदरा चढवून लिहायची, आणि चुकलेल्याला बिनदिक्कत चूक म्हणायची.

हेडसर तसे वाईट गृहस्थ नव्हते, पण भित्रे होते, आणि भित्रा माणूस खुर्चीवर बसला की त्याचा त्रास इतरांना होतो. शाळेची तपासणी पाच वर्षांच्या खंडानंतर त्या आठवड्यात येणार होती. सर सकाळ-संध्याकाळ वर्गावर्गांतून फिरत होते. सहावीच्या दारात आले आणि चाळीस पोरं गळे धरून बसलेली पाहून तिथेच थबकले. मग त्यांची नजर तक्त्यावर गेली. त्यांनी तो ओढून काढला. भिंतीवर चार चिकटपट्ट्यांचे तुकडे राहिले.

ऑफिसात त्यांनी बाईंना बसा म्हटलं नाही.

"मॅडम, बुधवारी तपासणी आहे. मी पाच मुलं निवडलीत. त्यांना उत्तरं पाठ करायला दिलीत, तीच बोलतील. हा गळ्याचा प्रकार त्या दिवशी नको. मी लेखी सूचना देतो, वर्गात वाचून दाखवा."

"आणि?"

"आणि ती मोठ्याने बोलणारी मुलगी. तपासणीच्या वेळी ती खेळाच्या साहित्याच्या खोलीत बसेल." सरांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. "खरं म्हणजे ती आपल्याकडची नाहीच. अशा मुलांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला शाळा आहे. राहण्याचीही सोय आहे. मी तिच्या वडिलांना कल्पना दिलीय."

तो शाळा सोडल्याचा दाखला होता. भोंग्याचं नाव, जन्मतारीख, सगळं टाइप करून तयार होतं. शेऱ्याच्या रकान्यात 'सर्वसाधारण वर्गात शिकण्यास असमर्थ' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली एक मोकळी रेघ होती. तिथे वर्गशिक्षिकेची सही लागते. तिच्याशिवाय दाखला म्हणजे नुसता जाड कागद.

"ती शिकतेय, सर," बाई म्हणाल्या.

"तिच्या आवाजाने शेजारचे दोन वर्ग शिकत नाहीत. पालकांच्या तक्रारी आहेत. सही करा."

"नाही करणार."

"तपासणी होऊ दे. मग बोलू," सर म्हणाले, आणि दाखला परत ड्रॉवरमध्ये गेला.

मेकॅनिक त्याच दिवशी वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. हात धुऊन आला होता, तरी नखांतलं काळं गेलं नव्हतं. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "तिकडे ती आठवडाभर राहणार. रविवारी घरी. तिची आई कालपासून जेवली नाही. मला एवढंच सांगा, मी तिला हात ठेवायला शिकवलं, ते माझं चुकलं का?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. राग मेकॅनिकचा नव्हता. ज्याच्या लेकीने तीन महिन्यांत एवढी मजल मारली त्या बापाला असं विचारावं लागतं, याचा होता. "तुमचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सहीशिवाय ती कुठे जात नाही. आणि सही माझ्याकडे आहे."

बुधवारी सकाळी बाईंनी सूचना वर्गात वाचली. सरांनी लिहिलं होतं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. 'तपासणीच्या वेळी कोणत्याही विद्यार्थ्याने स्वतःच्या गळ्यास हात लावू नये.' वाचताना त्यांना स्वतःचीच चीड आली. तक्ता काढू दिला, हे वाचून दाखवलं, दोन घोट गिळून झाले. तिसरा त्या गिळणार नव्हत्या. शिपाई भोंग्याला न्यायला आला तेव्हा त्या दारात उभ्या राहिल्या.

"सरांनी सांगितलंय," शिपाई म्हणाला.

"सरांना सांगा, तिला न्यायचं तर मलाही त्याच खोलीत न्या. वर्ग मग चेंडूंनी घ्यावा."

शिपायाने हसू दाबलं आणि तो निघून गेला. भोंगा पहिल्या बाकावरच राहिली.

तपासनीस बाई साठीच्या आसपासच्या होत्या. चष्म्याला साखळी, गळ्यात जाड मण्यांची माळ, आणि चेहरा असा की त्यांना हसताना शेवटचं कुणी कधी पाहिलं असेल ते सांगता येऊ नये. मागे हेडसर, हातात रुमाल. सरांनी निवडलेल्या पाच पोरांनी उत्तरं धडाधड म्हणून दाखवली. तपासनीस बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. मग त्या स्वतः उठल्या, फळ्यावर एक शब्द लिहिला आणि वर्गाकडे वळल्या. "हा कसा म्हणायचा? सगळ्यांनी."

"वॉश्ट," वर्ग म्हणाला.

आणि हात उठले. तीन महिन्यांची सवय, ती एका सूचनेने कशी जाणार? पण पोरं आज्ञाधारक होती. स्वतःच्या गळ्यास हात लावू नये, हे त्यांनी नीट ऐकलं होतं. म्हणून प्रत्येकाने शेजारच्याचा गळा धरला. वीस बाक, चाळीस पोरं, एकमेकांचे गळे धरून गंभीरपणे समोर बघत बसलेली. हेडसरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे काय चाललंय?" तपासनीस बाईंनी विचारलं.

पुढच्या बाकावरचा पोरगा शेजाऱ्याचा गळा न सोडताच उभा राहिला, त्यामुळे शेजारीही अर्धा उठला. "मॅडम, स्वतःच्या गळ्याला हात लावायचा नाही असं हेडसरांनी लिहून दिलंय. म्हणून शेजारच्याचा घेतलाय."

"कशाला?"

"शेपटी बघायला. ही मुकी आहे."

तपासनीस बाईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कसंबसं हसू आवरलं. त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं, गॅरेजमधल्या बॉनेटपासून. सांगून होईपर्यंत भोंगा बाकातून उठून पुढे आली होती. ती तपासनीस बाईंसमोर उभी राहिली आणि हात वर करून म्हणाली, "शब्द द्या."

"हळू, हळू," हेडसर पुटपुटले. पण ते तपासनीस बाईंच्या आड उभे होते, आणि त्यांचे ओठ भोंग्याला दिसत नव्हते.

तपासनीस बाईंनी चष्मा उतरवला आणि हनुवटी वर केली. पोरगीने हात ठेवला. "कुक्ट," त्या म्हणाल्या.

भोंग्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गुणगुणी," ती म्हणाली. वर्गातून चुकल्याचा सुस्कारा उमटला. हेडसरांचा चेहरा जरा मोकळा झाला, आणि ते पाहून बाईंना त्यांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता. पण पोरगीने हात काढला नव्हता. "थांबा," ती म्हणाली. "तुमची माळ मध्ये येतेय. मणी खडखडतात. काढा ती."

तपासनीस बाईंनी माळ काढली आणि टेबलावर ठेवली.

"कुक्ट."

"मुकी."

"क्लीन्ड."

"गुणगुणी."

"पेंटिड."

भोंग्याने एक टाळी जास्त वाजवली, फळ्याकडे गेली आणि तिन्ही शब्द लिहिले. तिन्हींच्या मागे ई-डी. दुसऱ्या शब्दात मधलं एक अक्षर गळालं होतं, ते तिला शेजाऱ्याने बोट दाखवून सांगितलं आणि तिने घातलं. तपासनीस बाईंनी ते पाहिलं.

"ही रोज कुणाचा गळा धरते?" त्यांनी विचारलं.

"पाळी असते," पाच-सहा जण एकदम म्हणाले. "तक्ता होता भिंतीवर."

"होता?"

सगळ्यांनी भिंतीवरच्या चार चिकटपट्ट्यांकडे पाहिलं, मग हेडसरांकडे. "नवीन करायला घेतलाय," सर घाईने म्हणाले. "जुना जरा मळला होता."

"छान. शुक्रवारपर्यंत फोटो पाठवा. मला अहवालाला जोडायचाय." तपासनीस बाईंनी माळ उचलली, पण गळ्यात घातली नाही. पर्समध्ये टाकून त्या पुढच्या वर्गात गेल्या.

एवढ्यावर सगळं निस्तरलं असतं तर बरं झालं असतं. पण झालेला पाणउतारा माणूस कुणाच्या तरी नावावर चढवतोच. चार वाजता सरांनी बाईंना बोलावलं आणि दाखला पुन्हा टेबलावर ठेवला.

"अहवाल वेगळा आणि शिस्त वेगळी," ते म्हणाले. "पाहुण्यांना माळ काढायला लावते. उद्या आणखी काय करेल? शुक्रवारी ही सही मला हवी. नाहीतर तुमच्याबद्दलही मला वर लिहावं लागेल. आणि तो तक्ता तेवढा करून लावा, फोटो पाठवायचाय."

बाईंनी दाखला उचलला, उजेडाकडे धरून पाहिला. जाड, पांढराशुभ्र कागद. "द्या, नेते घरी," त्या म्हणाल्या. सरांना वाटलं, बाई नरमल्या.

संध्याकाळी घरी यजमान मशीनवर बसले होते, ओठांत टाचण्या. कापड कापायच्या टेबलावर जागा करून बाईंनी दाखला पालथा घातला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पट्टीने रेघा आखल्या. मथळा घातला, 'गळ्याची पाळी'. मग सोमवारपासून नावं लिहायला घेतली. यजमान उठून मागे येऊन उभे राहिले. त्यांनी नावं वाचली. चार नावं पोरांची. शुक्रवारसमोर लिहिलं होतं, 'हेडसर'.

"हं," ते म्हणाले. मग त्यांनी कागदाचा कोपरा उचलून खालची बाजू पाहिली. आणि त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. ते फार महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हाच टाचण्या काढत.

"नोकरी जाईल."

"गेली तर जाऊ दे. पण ह्या रेघेवर माझी सही पडणार नाही."

यजमानांनी खणातून डबी काढली आणि काचेच्या डोक्याच्या चार टाचण्या निवडून बाईंच्या हातात दिल्या. "चिकटपट्टी नको," ते म्हणाले. "ती ओढली की निघते."

शुक्रवारी सकाळी सर फोटो काढायला स्वतःच आले. फोन वर धरला आणि तसाच राहिला. खिडकीतून ऊन भिंतीवर येत होतं आणि कागदाच्या आरपार खालची टाइप केलेली अक्षरं उलटी, पुसट दिसत होती. सरांनी ती ओळखली. स्वतःच टाइप केली होती, ओळखणारच. मग त्यांनी शुक्रवारसमोरचं नाव वाचलं.

"हे काय आहे, मॅडम?" ते हळूच म्हणाले.

"तक्ता," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितला होतात. दुसरा पाहिजे असेल तर दुसरा दाखला टाइप करून आणा. माझ्याकडे टाचण्या आहेत."

तोवर भोंगा सरांसमोर येऊन उभी राहिली होती. तिच्या दृष्टीने मामला साधा होता. आज शुक्रवार, तक्त्यावर सरांचं नाव, सर आलेले आहेत. तिने हात वर केला. सर उंच होते, त्यामुळे हात पोचेना. ती तशीच हात वर करून वाट बघत राहिली. चाळीस जण बघत होते, फोन हातात होता, फोटो आज जायचा होता.

सर वाकले. कुणाला वाटेल ते मनाने वाकले, तसं काही नाही. मानेला घाम, कान लाल, आणि डोळे दाराकडे. पण वाकले. पोरगीचा हात गळ्यावर टेकला तसे त्यांनी डोळे मिटले.

"थरथरतोय," भोंग्याने बाईंना सांगितलं. "अजून काही म्हटलंच नाही, तरी थरथरतोय."

"पहिल्या दिवशी सगळ्यांचाच थरथरतो," बाई म्हणाल्या. "त्यांना वेळ दे."

सरांनी डोळे उघडले. समोर अगदी जवळ त्या पोरगीचा चेहरा होता, त्यांच्या ओठांकडे टक लावून बघणारा. "ठीक आहे," ते म्हणाले. "झालं. आता वर्गात बस."

भोंग्याने हात काढला आणि ती वर्गाकडे वळली. तिला वाटलं, मागच्या बाकांना ऐकू गेलं नसेल.

"सर म्हणाले, वर्गात बस."

ती भोंगाच. ते सहावीने ऐकलं, शेजारच्या दोन वर्गांनी ऐकलं, खालच्या मजल्यावर शिपायाने ऐकलं. लेकीला सोडून फाटकाशी गाडीजवळ अजून उभ्या असलेल्या मेकॅनिकनेही ऐकलं. सरांचे शब्द आता परत घेता येण्यासारखे राहिले नव्हते. त्यांनी फोटो काढला आणि ते निघून गेले. भोंगा पहिल्या बाकावर जाऊन बसली, आणि बाईंनी फळ्यावर पुढचा शब्द लिहिला.